टाचणीबाईंचे पुढचे सहा दात

अल्टरेशनच्या त्या दुकानात बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. गिऱ्हाईक उंच आरशासमोर उभं राहिलं की त्या त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसत, पाच-सहा टाचण्या ओठांत धरत आणि एकेक काढून पँटची दुमड टाचत. म्हणून त्या टाचणीबाई. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हसावं लागत नाही. बाईंना ते सोयीचंच होतं.

खरं तर बाई महा थट्टेखोर. एखाद्याची पँट दर वर्षी कमरेत सैल करायला आली की म्हणत, "तुम्ही कुठे जाड झालात? पँटच रुसून आकसलीय." पण हे म्हणताना डावा हात तोंडावर. पुढच्या दोन दातांत दोरा तोडून तोडून खाच पडलेली, शेजारचा एक काळवंडलेला, एक अर्धा तुटलेला. दाढांचं तर नावच काढू नका.

या दातांची हेळसांड फार जुनी. बाई दहा वर्षांच्या असताना त्यांची दाढ सुजली. त्याच महिन्यात धाकट्या भावाचीही सुजली. वडिलांनी भावाला डॉक्टरकडे नेलं आणि हिच्याबद्दल म्हणाले, "हिला कुणाला दाखवायचेत दात?" आई मूग गिळून बसली. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तिच्या दाढेखाली लवंग धरली आणि रात्रभर उशाशी बसून राहिली.

पुढे बाईंच्या स्वतःच्या मुलाचे दात वेडेवाकडे आले. त्याला तारा बसवल्या. दोन वर्षं दर महिन्याला बाई त्याला घेऊन दवाखान्यात जात आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. आत जाऊन "माझेही जरा बघता का?" असं विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. एका माणसाने एकदा बोललेलं वाक्य चाळीस-चाळीस वर्षं असं मानगुटीवर बसतं. सांगा, संताप येईल की नाही?

बाईंना संताप आला तो मात्र भलत्याच निमित्ताने. एक निवृत्त मुख्याध्यापिका त्यांचं कायमचं गिऱ्हाईक. एकदा आरशातून खाली बघत त्या म्हणाल्या, "काम सोन्यासारखं आहे हो तुमचं, पण चेहरा सदा आंबट का?" तोंडात टाचण्या होत्या म्हणून बाई गप्प राहिल्या. पण अंगाचा तिळपापड झाला. जिने निम्म्या गल्लीला पोट धरधरून हसवलं, ती आंबट? त्याच आठवड्यात त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंसमोर तोंड उघडून बसल्या.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. आधी कीड आणि हिरड्या, शोभेचं नंतर. चार महिन्यांत दोन दाढा निघाल्या, तीन रूट कॅनाल झाले. मग त्यांनी व्हिनियरचं समजावून सांगितलं. पुढच्या सहा दातांवर नखाएवढी पातळ कवचं बसतात. त्यासाठी दात थोडे घासावे लागतात, आणि एकदा घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. "म्हणून आठवडाभर नुसते नमुन्याचे लावून बघा. नाही पटले तर काढून टाकू."

"म्हणजे ट्रायल," बाई म्हणाल्या. हे त्यांना एकदम पटलं.

मदतनीस मुलीने रंगांची पट्टी काढून त्यातला सगळ्यात पांढरा रंग पुढे केला. "दात बसवताय की फ्रिजचं दार?" असं म्हणून बाई पट्टी घेऊन उठल्या आणि खिडकीशी गेल्या. दिव्याखाली कुठलाही दोरा कुठल्याही कापडाला जुळतो, खरं काय ते उजेडात कळतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी किंचित पिवळसर, चौपन्न वर्षांच्या तोंडाला शोभेल असा रंग निवडला. डॉक्टरीणबाईंनी निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

घरी मात्र तीन तोंडं आणि एकच सूर. नवरा म्हणाला, "मला तुझे आहेत तसे चालतात."

"तुम्हाला चालतात हो, पण चावायचं मला असतं."

तारा लावून दात सरळ झालेला मुलगा म्हणाला, "आई, आता या वयात?" त्याच्याकडे बाईंनी नुसतं बघितलं, तो जागा सोडून उठला.

आणि ताई. साठी उलटलेली, घास नेहमी एकाच बाजूने चावणारी ताई गालावर हात ठेवून म्हणाली, "इतकं करून तुला कुणाला दाखवायचेत दात?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "ताई, हे वाक्य तुझं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

नमुन्याचे दात लागले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एकच बजावलं, "दोरा दाताने तोडायचा नाही. हे ठिसूळ आहेत." बाई तिथून तडक दुकानात. ताईही मागोमाग आली, बघू तरी म्हणून. मुख्याध्यापिका कोट घालून आरशासमोर उभ्याच होत्या. बाईंनी त्यांच्या बाहीला धावदोरा घातला, गाठ मारली, आणि तीस वर्षं करत आल्या तेच केलं.

टक्.

दोरा तुटला नव्हता. दात तुटला होता.

"झालं समाधान?" ताई फणकारली. "अजून घासलेले नाहीत हे नशीब समज. जा आणि काढून टाक सगळे."

बाईंनी आरशात बघितलं. पाच दात झोकात, आणि सहाव्याच्या जागी त्यांची जुनी खाच डोकावत होती. एका हातात बाही, दुसऱ्या हातात दाताचा तुकडा. तोंडावर धरायला तिसरा हात कुठून आणणार? त्यांना हसू फुटलं. मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाहून मुख्याध्यापिका अर्धवट टाचलेल्या कोटासकट स्टुलावर बसल्या आणि त्याही हसायला लागल्या.

"अहो, तुम्ही हसता?"

"पहिल्यापासून. तुम्हाला आज दिसलं."

मग बाईंनी खणातून छोटी कात्री काढली, तिला काळी नाडी ओवली आणि गळ्यात अडकवली.

"तीस वर्षांची सवय अशी सुटते होय?" ताई म्हणाली.

"सवय तीसची आहे. मी चौपन्नची आहे." बाईंनी धावदोऱ्याचं टोक कात्रीने कापलं. "आणि कुणाला दाखवायचेत म्हणून विचारत होतीस ना? मला. तीस वर्षं या आरशासमोर बसतेय, पण लोकांच्या पँटी सोडून यात काही बघितलं नाही. आता बघणार आहे. कुणाच्या पोटात दुखलं तर खुशाल दुखू दे."

ताईचा हात पुन्हा गालावर गेला होता, आणि या वेळी बाईंनी तो गाल नीट पाहिला. ती बाजू सुजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पहिला नंबर बाईंचा. तुटलेला तुकडा बॉबिनच्या डबीत, कात्री गळ्यात. डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "दोरा?"

"दोराच. नवीन लावा. सहाच्या सहा करायचे आहेत, माझं ठरलंय. पण माझं जरा मागाहून." बाईंनी बाहेर बाकावर बसलेल्या ताईला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. "आधी हिला बघा. आमच्या वडिलांनी हिलाही नेलं नव्हतं."

तोंड उघडायला ताईने जरा वेळ लावला. मग तिने बहिणीचा हात घट्ट धरला आणि उघडलं.