हाताएवढी फट

वन्सं गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा, मुलांनो, तुमचा पहिला प्रश्न त्यांच्या हाताबद्दल होता. "आजी, आत्याआजीचा उजवा हात तसा कशाने झाला होता?" जिन्यावरून पडल्या, एवढंच तुम्हाला ठाऊक. तसंच सांगायचं, अशी त्यांची ताकीद होती. आता त्या नाहीत. सव्वा महिना होऊन गेला... तेव्हा क्रमाने सांगते.

गोदावरीवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन ग्वाल्हेरच्या या माहेरघरी परतलेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. मी बी. ए. झालेली, याची त्यांना फार गंमत वाटे. "मॅडम, इंग्रजीत सांगून डाळ शिजत नाही हं, झाकण ठेवावं लागतं."

वरच्या खोलीत कमल भाड्याने राहायची. तिचा नवरा दत्ताजी संस्थानच्या फौजेत होता. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, तो घरी बसला आणि घरात हात उगारू लागला. शेवटी पंचांसमोर काडीमोड झाली. कमल टायपिंग शिकून सरकारी कचेरीत लागली. पुढे मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कपाटं, खुर्च्या, माणसं, सगळंच जात होतं. आमचे अर्धे शेजारी रडत होते, पण कमल हसत होती. "वहिनी, तिथे मला कोणी ओळखणार नाही," ती म्हणायची.

तिची गाडी संक्रांतीच्या संध्याकाळची होती. दुपारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. विधवा म्हणून वन्सं बैठकीत येत नसत. त्या आत तिळगूळ वळत होत्या. आणि दाराशी दत्ताजी उभा राहिला. धुतलेला कोट, हातात तिळगुळाची पुडी, मान खाली. "माँसाहेब, आज सणाचा दिवस आहे. गोड बोलून जातो." सासूबाई विरघळल्या. संक्रांतीला भांडण विसरायचं, दारी तिळगूळ घेऊन आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. दार आम्हीच उघडलं. कमल भिंतीला चिकटली, तर बायका तिलाच ढकलू लागल्या. "जा ग, माणूस आपणहून आलाय. घे तिळगूळ."

तिने हात पुढे केला. त्याने मनगट धरलं.

"भोपाळ जाएगी? किसके साथ?" दुसऱ्या हाताने त्याने तिचा अंबाडा पकडला. "कुंकू लावून बसलीय! अजून माझंच आहे ते." पुडी पडली, तिळगूळ पायाखाली चुरडले. फरफटत तिला उंबऱ्याबाहेर नेलं आणि तो दार ओढून घेऊ लागला. बाहेरून कडी घातली की आम्ही सगळ्या आत कोंडल्या जाणार होतो. आम्ही काय करत होतो? कोणी "अहो, अहो" म्हणत होतं, कोणी रडत होतं.

स्वयंपाकघरातून वन्सं धावत आल्या, बायकांच्या मधून वाट काढली आणि मिटत्या दारात उजवा हात घातला. त्याने दार आपटलं. त्यांनी हात काढला नाही. पुन्हा आपटलं. तो आवाज मी सांगणार नाही... डाव्या हाताने फटीतून त्यांनी कमलचा पदर धरला होता आणि ओरडत होत्या. आमच्याकडे भांडण व्हायचं ते हिंदीतच. "मार! और मार! दरवाज़ा बंद नहीं होगा!" तेव्हा कुठे आम्ही हललो. सगळ्यांनी मिळून दार आत ओढलं. गल्लीतले दुकानदार धावले, तसा तो पळाला.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर वन्सं म्हणाल्या, "आधी हिची गाडी." हळद थापून, पंचा गुंडाळून टांग्यातून स्टेशनवर आल्या. कमल त्यांच्या पायाशी वाकली, तर म्हणाल्या, "पुरे. तिथे दाराला आतून कडी लाव. कुणी काहीही घेऊन येवो."

दिवाळीच्या आधी कमलच्या कचेरीतले एक गृहस्थ भोपाळहून आले. चहा न घेता उभ्यानेच त्यांनी सांगितलं. दत्ताजी तिथे पोचला होता. कडी लावलेली होती. ती त्याने तोडली. चाळीतल्यांनी आरडाओरडा ऐकला होता, पण नवरा-बायकोचं भांडण म्हणून कोणी दार उघडलं नाही. कमल सकाळपर्यंत...

वन्सं आपल्या हाताकडे बघत राहिल्या. बोटं तेव्हाच आखडली होती. "मग हा कशाला गेला माझा?" त्यांनी मला विचारलं. मी एवढी शिकलेली, पण त्यांचा हात शेकायला पाणी तापत ठेवलं, तेवढंच.

त्या दिवसापासून त्यांनी पुढचं दार दिवसा कधी पुरतं लावू दिलं नाही. हाताएवढी फट ठेवायच्या आणि तिच्यापाशी पाट टाकून बसायच्या. गल्लीत कुठे बाईचा आवाज चढला की उठून जायच्या. शिव्या खाऊन यायच्या, एकदा कपाळ फोडून आल्या. सुट्टीत आलात की तुम्हीच ओरडायचात, "आत्याआजी, दरवाज़ा लगाओ ना, लू आ रही है!" त्या म्हणायच्या, "येऊ दे. बंद दारातून ऐकू येत नाही."

परवा लू सुटली, तापलेला वारा घरात घुसला. घरभर धूळ झाली. आता अडवणारं कोणी नाही, म्हणून मी उठले आणि दार लोटलं. गल्ली एकदम गप्प झाली. फेरीवाला नाही, भांड्यांचा आवाज नाही, माणूस नाही. मला ते सोसवेना. दार मागे ओढलं, हाताएवढं, आणि त्यांच्या पाटावर बसले.