रत्नमालाबाईंनी दाळमिल थांबवली तो रविवार

अनसिंगला एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पदमचंद शेठची दाळमिल आहे. तिथल्या सॉर्टर मशीनवर रत्नमालाबाई बसतात. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण आठवी, माहेर आणि सासर दोन्ही भाजीपाल्याच्या बागायतीतलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्या मिलमध्ये आल्या, त्या डाळ निवडायला. तेव्हा टिनाच्या शेडखाली चौदा बाया सुपं घेऊन ओळीनं बसत. रत्नमालाबाईंच्या सुपातून गेलेल्या डाळीत खडा सापडला, असं कुणाला आठवत नाही.

आठ वर्षांपूर्वी मशीन आलं. वरच्या हौदातून तुरीची डाळ उतरत्या पट्ट्यांवर सुटते, आणि खाली पडता पडता, अधांतरी असतानाच, चार कॅमेरे तिचा दाणा न् दाणा पाहतात. काळा, टिचका किंवा खडा दिसला की हवेचा एक बारीक फुत्कार तेवढ्यालाच बाजूला उडवतो. पहिल्या दिवशी बाकीच्या बाया थोडा वेळ पाहून जेवायला गेल्या. रत्नमालाबाई डबा न उघडता तिथेच उभ्या राहिल्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "मी एक दाणा उचलू उचलू परेंत त्यानं पायलीभर पाहून घेतली. मले वाटे, आपुन देवाच्या डोयाले डोया लावून उभे हाओत."

काही बाया पॅकिंगला गेल्या, काही आपापल्या मळ्यात परतल्या. मशीनला मात्र वाईट दाणा कोणता ते आधी दाखवावं लागतं. ते दाखवायला म्हाताऱ्या पदमचंद शेठनी रत्नमालाबाईंना बसवलं. चांगल्या डाळीचं एक ताट, वाईट डाळीचं एक ताट, असं तीन दिवस चाललं. त्यांची नजर मशीनमध्ये उतरली आणि त्या कायमच्या तिथल्या झाल्या.

गेल्या डिसेंबरात थंडी पडली आणि मशीन बिघडलं. सकाळी सुरू केलं की पडद्यावर चार कॅमेऱ्यांचे चार चौकोन यायला हवेत. तिथे तीनच येऊ लागले. चौथा काळा. बंद करून पुन्हा सुरू करायचं, पुन्हा काळा. तीन-चार खेपांनंतर तो यायचा. जानेवारीत, ऐन तुरीच्या हंगामात, अर्धा-अर्धा तास जाऊ लागला.

मशीन दुरुस्त करणारा उदयसिंग अकोल्याहून आला. त्यानं वायरी बदलल्या, कॅमेऱ्याचं कार्ड बदललं. दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. मग त्यानं फोनवर सांगितलं, की मशीनच्या आत जो संगणक आहे, त्याच्या मदरबोर्डचं फर्मवेअर बदलून पाहावं लागेल.

"थे काय असते?" रत्नमालाबाईंनी विचारलं. फोन स्पीकरवर होता. शेठचा मुलगा श्रेयांस शेजारी उभा होता.

"ताई, बोर्डवर एक चिप असते, तुरीच्या दाण्याएवढी. मशीन झोपेतून उठताना पहिलं काम काय करायचं, ते तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. आपल्याला डोळे किती, हात किती, हे ते आधी मोजून घेतं. तुमचा चौथा कॅमेरा थंडीत जरा उशिरा जागा होत असेल, आणि बोर्ड त्याची वाट पाहत नसेल. नवीन फाइलमध्ये वाट पाहायचं लिहिलंय."

रत्नमालाबाईंनी मशीनकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे उठाचं कसं, हे बी कोनं तरी त्याले लिहून देल्लं हाय."

"हो. त्याच्याशिवाय ते नुसतं लोखंड."

ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. त्या दिवशी समोरून डाळ वाहत होती आणि त्यांना दिसत होता तो दाण्याएवढा तुकडा, ज्याच्या सांगण्यावरून एवढं मोठं धूड रोज सकाळी स्वतःला ओळखत होतं.

उदयसिंगनं धोकाही सांगितला होता. चिपवर नवीन लिहिणं सुरू असताना वीज गेली, किंवा फाइल चुकीची निघाली, तर बोर्ड उठायचंच विसरू शकतं. तसलं दुसरं बोर्ड बाहेरून मागवायला तीन आठवडे. आणि तो म्हणाला, "आमच्यात रीत आहे ताई. नवीन फाइलसोबत काय काय दुरुस्त केलं त्याची यादी येते, तिच्यात तुमचा बिघाड असेल तरच हात लावायचा. उगाच नवीन आलंय म्हणून नाही."

श्रेयांसला करून मोकळं व्हायचं होतं. पदमचंद शेठना ते मान्य नव्हतं.

"अर्धा तास जाते तर जाऊ दे," ते म्हणाले. "तीन हप्ते बंद पडलं मंग?"

"बाबूजी, रोज वाढून राह्यलं थे. उद्या उठलंच नाई तर?"

दोघांनीही रत्नमालाबाईंकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "रत्नमाला, तू काय म्हनतं?"

"मले दोन-तीन दिवस द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तासभर लवकर आल्या. संगणकाच्या पेटीजवळ, कॅमेऱ्यांच्या बाजूला, त्यांनी जुना शंभराचा बल्ब लावून ठेवला. पेटीचा पत्रा हाताला कोमट लागल्यावर मशीन सुरू केलं. चारही चौकोन पहिल्याच खेपेला आले. त्याच्या पुढच्या सकाळी बल्ब लावला नाही. चौथा काळा. तिसऱ्या सकाळी पुन्हा बल्ब, पुन्हा चारही. उदयसिंग म्हणत होता तसंच होतं, थंडीत उशिरा उठणारा एक डोळा. त्यांनी त्याला फोन करून ती यादी वाचायला लावली. इंग्रजीतलं एक-एक वाक्य तो सोपं करून सांगत गेला. सातव्या ओळीत होतं: सुरू होताना जोडलेलं कार्ड कधी कधी ओळखलं जात नाही, ते दुरुस्त केलं.

पदमचंद शेठ म्हणाले, "मंग बल्बच लावत जाऊ ना."

"नाई बाबूजी. डाळीचा धुराळा किती उडते इथं. तापल्या बल्बावर बसला तर आग लागन. दोन दिवस लावला, थोच जिवावर बेतल्यावानी होता. आपुन फाइल बदलू."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "ठीक हाय."

श्रेयांसनं फाइल आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती. बोर्डचा नंबर त्यानं मशीनच्या जुन्या कागदावरून घेतला होता. रत्नमालाबाईंनी विचारलं, "बोर्डवर पाह्यलं का?" त्यानं पाहिलं नव्हतं. त्यांनी मशीन बंद केलं, पेटीचं झाकण काढलं, ब्रशनं हलकेच धूळ झटकली आणि वाकून पाहू लागल्या. एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत बोर्डचं नाव आणि त्यापुढे एक आकडा छापलेला होता.

"एक पॉइंट दोन," त्या म्हणाल्या.

श्रेयांसनं चष्मा लावून पाहिलं, मोबाइलच्या बत्तीत पाहिलं. "मले तं एक पॉइंट एकच दिसून राह्यलं."

"दोनच हाय. खालून पाय मोडला हाय त्याचा."

फोटो काढून मोठा केला तेव्हा दोन दिसला. एकाच नावाची दोन बोर्डं निघतात आणि त्यांच्या फाइली वेगळ्या असतात, हे तेव्हा कळलं. पेनड्राइव्हवरची फाइल दुसऱ्याच बोर्डची होती. उदयसिंग फोनवर म्हणाला, की बहुतेक वेळा मशीन अशी फाइल घेतच नाही, पण घेतली असती तर संपलं होतं. योग्य फाइल मिळवून त्यानं पाठवली.

त्यानं आणखी एक सांगितलं होतं, की नवीन लिहिल्यावर जुन्या सेटिंग पुसल्या जातात. रत्नमालाबाईंनी दोनशे पानी वही घेतली आणि सेटिंगच्या निळ्या पडद्यावरची पाच पानं अक्षर अक्षर पाहून उतरवली. अर्थ कळत नव्हता. पण आठवीपर्यंतची एबीसीडी पक्की होती. लिहिताना, त्या सांगतात, एकच मनात येत होतं. पंखा किती जोरात फिरवायचा, घड्याळ कुठून वाचायचं, उठल्यावर आधी कोणत्या दाराशी जायचं, एवढं सगळं कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं होतं, आणि ते दिसत कुणालाच नव्हतं.

रविवार ठरला, सकाळी अकराची वेळ. यूपीएस आदल्या दिवशीच तपासला होता. भिंतीतली पिन काढून मशीन नुसतं त्याच्यावर चालवून पाहिलं, तर बावीस मिनिटं टिकलं. तरी मोठ्या मोटारी सुरू होताना मिलमध्ये वीज दबते, म्हणून रत्नमालाबाईंनी सांगितलं, "पूर्ण मिल बंद करा."

भरडणी थांबली, चाळण्या थांबल्या, शेवटी कॉम्प्रेसर थांबला. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी त्या मिलमध्ये इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. छतावरच्या कबुतरांचं चालणं ऐकू येत होतं. पॅकिंगच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. पदमचंद शेठ खुर्ची घेऊन बसले आणि हात जोडून काहीतरी पुटपुटत राहिले.

रत्नमालाबाईंनी फाइल निवडली. पडद्यानं शेवटचं विचारलं, खरंच करायचं का. त्यांनी बोट ठेवलं.

एक पांढरी पट्टी सरकू लागली. आधी जुनं पुसलं गेलं. उदयसिंगनं सांगितलं होतं, की या घटकेला मशीनला स्वतःबद्दल काहीच ठाऊक नसतं. समोर उभं असलेलं ते यंत्र आत्ता कुणीच नव्हतं. मग नवीन लिहिणं सुरू झालं. दहा टक्के, अठरा टक्के. एका बाईनं पदर तोंडाला लावला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर असते तशी ती शांतता होती, असं पॅकिंगमधल्या अंजूनं मला नंतर सांगितलं.

साडेतीन मिनिटांनी पट्टी भरली आणि पडदा काळा झाला. पंखा एकदा घोंघावला आणि थांबला. पुन्हा काळोख. श्रेयांसचा हात बटणाकडे गेला. रत्नमालाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"दोनदा अंधार होते, उदयसिंगनं सांगतलं. हात लावू नका."

किती वेळ गेला ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. शेठ म्हणतात पाच मिनिटं, श्रेयांस म्हणतो अर्धं मिनिट. मग आतून एक बारीक "टीं" आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. घड्याळ चुकलेलं होतं, तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाची होती. रत्नमालाबाईंनी वही उघडली आणि पाचही पानं एक-एक करून परत भरली. मग मशीन सुरू केलं. एक चौकोन, दोन, तीन. चौथ्याला क्षणभर वेळ लागला. मशीन थांबलं होतं, त्याची वाट पाहत. मग चौथाही उजळला.

शेठनी डोळे पुसले आणि मिल सुरू करायला सांगितलं.

खरी परीक्षा सोमवारी होती. सकाळी पारा नऊवर होता. रत्नमालाबाईंनी स्वेटरावर शाल घेतली होती. बटण दाबलं आणि चारही डोळे पहिल्या खेपेला उघडले. उरलेल्या थंडीत एकदाही मशीन अडलं नाही.

मार्चमध्ये मेडशीच्या एका मिलवाल्यानं, लालसिंगनं, त्यांना बोलावलं. त्याचंही तसलंच मशीन होतं आणि ही गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. रत्नमालाबाई एसटीनं गेल्या. दिवसभर त्या मशीनपाशी बसल्या, चार वेळा बंद करून सुरू केलं, पेटी उघडून पाहिली, डाळीचं ताट लावून पाहिलं.

संध्याकाळी लालसिंगनं विचारलं, "मंग, कधी करता?"

"तुमच्या मशीनले काय झालं?"

"झालं तं काईच नाई. पन नवीन आलं हाय म्हनतात."

"मंग कायले त्याले उठाचं इसरवता," रत्नमालाबाई म्हणाल्या. "चांगलं उठून राह्यलं थे." त्यांनी पेटीचं झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून चहा उभ्यानंच घेतला.