कूकामावशीची टकटक

उन्हाळ्यात मेक्सिकोच्या सीमेवरल्या मेहिकाली शहराच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही. फिरायची ती एकटी कूका. गेलेल्या नवऱ्याची गवती टोपी डोक्यावर आणि पुढे बाबागाडी. ही गाडी तिने नातवंडं होतील म्हणून हौसेने घेऊन ठेवली होती. नातवंडं काही झाली नाहीत. मग गाडीत बाळाऐवजी कोऱ्या सुया, कापूस, शुद्ध पाण्याच्या कुप्या आणि वापरलेल्या सुया टाकायचा घट्ट झाकणाचा डबा बसला.

तिचं खरं नाव रेफूहिओ. त्या नावाने तिला बारशाला पाद्र्याने आणि नंतर थेट पोलिसांनीच काय ती हाक मारली. हेरॉइनची पूड विकणारा त्यांना कधी दिसत नसे, कूकाच्या गाडीतली सुई मात्र शंभर पावलांवरून दिसे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. दोनदा त्यांनी तिला ठाण्यात बसवलं. दोन्ही वेळा तिने हवालदारांना त्यांच्या आयांच्या तब्येती विचारल्या, आणि तासाभरात त्यांनी कंटाळून तिला सोडलं.

बासष्टीला आलेल्या या बाईने स्वतः आयुष्यात साधी बिअरसुद्धा दोनदाच प्यायली होती. नशा केली ती तिच्या मुलाने, आन्सेल्मोने. पोर हाताबाहेर जातंय म्हणून तिने त्याला गावाबाहेरच्या एका व्यसनमुक्तीच्या घरात नेऊन घातलं. बाहेरून कुलूप, तीन महिने भेट नाही. तीन महिन्यांनी तो धुतल्या तांदळासारखा घरी आला, नऊ दिवस राहिला आणि दहाव्या दिवशी न्हाणीघराची कडी लावून त्याने पूर्वीइतकीच पूड टोचून घेतली. तीन महिन्यांत शरीराची सवय गेलेली असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कूकालाही नाही. दार फोडायला शेजाऱ्यांना वीस मिनिटं लागली.

तेव्हापासून तिचे दोन नियम. टोचून घेताना आतून कडी लावायची नाही. आणि माणसाला बाहेरून कुलूप लावायचं नाही, कधीच नाही.

रेल्वेच्या रुळांमागे भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे एकटा टोचून घ्यायला बसणारा माणूस दाराच्या मुठीला फडकं बांधून ठेवी. कूका येऊन तीनदा टकटक करी, म्हणजे, जिवंत आहेस का? आतून दोन टकटकी आल्या की जिवंत आहे. नाहीच आल्या तर ती दार ढकलून आत जाई. पडलेल्या माणसाला मिठाचं पाणी टोचायचं नाही, बर्फात बसवायचं नाही, थोबाडीत मारायचं नाही. तोंडाने श्वास द्यायचा आणि उताऱ्याची सुई दंडात मारायची, हे तिने त्या रांगेला ओरडून ओरडून शिकवलं होतं.

हा उतारा, नॅलोक्सोन, इथल्या दुकानांत मिळत नाही. सीमेच्या कुंपणापलीकडून एक निवृत्त नर्स दर महिन्याला खोका घेऊन येई. त्या वर्षी परदेशातल्या कुणी मोठ्या साहेबांनी या कामाला मिळणारे पैसे थांबवले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली उन्हात काय चाललंय ते कुठून दिसणार! औषध पुरवणाऱ्या ऑफिसला टाळं लागलं, खोका येईना. उरलेल्या कुप्या बघता बघता संपल्या. जुलैत कूकाच्या गाडीत शेवटची एक राहिली.

ती फिलेमोनच्या कामी आली.

फिलेमोन आन्सेल्मोच्या शाळेतला. रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्यात वाकबगार. खोलीभर उघडे पडलेले रेडिओ, त्यातला एक नेहमी अकॉर्डियनची गाणी वाजवत असलेला. त्या दुपारी त्याच्या दाराच्या मुठीला फडकं होतं आणि टकटकीला उत्तर नव्हतं. कूका आत गेली. तो कूलरच्या पुढ्यात पालथा होता, ओठ निळे. तिने श्वास दिले, सुई मारली, परत श्वास दिले. चार मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि पहिली शिवी तिलाच दिली.

"माझी सगळी मजा घालवलीस, मावशी!"

"मजा? मेला होतास रे गाढवा."

"मग मरू द्यायचं होतंस!"

खरी परीक्षा इथून पुढे असते. उतारा तासा-दीड तासात उतरतो, पूड अंगात तशीच असते. तेवढ्यात माणसाने वर आणखी टोचून घेतलं तर संपलं. म्हणून कूका प्रत्येकाजवळ दोन तास बसे, डोमिनोचा डाव मांडून. त्या दिवशीही तिने डाव मांडला. पण उताऱ्याने फिलेमोनला थंडी भरली होती. बाहेर अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन आणि हा दात वाजवतोय, शिंकतोय, ओकतोय.

"थोडीशीच घेतो, मावशी. टोकाएवढी. अंगातली हाडं दळली जातायत गं."

"दोन तास थांब. मग मी अडवणार नाही. माझ्याकडे दुसरा उतारा नाही रे राजा, कळतंय का? हा शेवटचा होता."

"तू अडवणारी कोण? माणसाची मर्जी, असं तूच म्हणतेस ना?"

हे मात्र खरं होतं. तीच म्हणायची. तो भिंतीला धरून उठला, खिशात नोटा कोंबू लागला. विकणारा दोन खोल्या सोडून बसलेला. कूका बाहेर आली. तिथे टॉर्टिया विकणारी एल्विरा टोपली घेऊन उभी होती, सगळं ऐकत.

"अगं, घाल की कुलूप! दाराला बाहेरून कडी आहे, कुलूप लटकतंय. दोन तासांचा तर प्रश्न."

"मी नाही कुणाला कोंडत."

"मग घे, ने उचलून त्याला सुद्धा. दफनभूमीत आन्सेल्मोच्या शेजारी जागा आहेच."

एल्विराच्या तोंडाला हाड नाही हे सगळी रांग जाणते, पण त्या वाक्याने कूकाचा हात आपोआप चालला. कुलूप खट्कन लागलं.

आतून आधी शिव्या आल्या, मग लाथा, मग रडणं. कूका उंबऱ्याबाहेर उन्हात बसून राहिली. तासाभराने आतून तीन टकटकी आल्या. तीनच, सावकाश. जिवंत आहेस का? तिला दोन वाजवाव्याशा वाटल्या. पण हात उचलला तर तो पुढे कुलुपापर्यंत जाईल, ही तिला धास्ती होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आन्सेल्मोलाही असंच कोंडलं होतंस ना, मावशी?" दाराला तोंड लावून तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने.

दोन तास भरल्यावर तिने कुलूप काढलं. फिलेमोन जगला. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "परत माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही."

"नाही टाकणार," कूका म्हणाली. "शब्द देते."

संध्याकाळपर्यंत रांगेत बातमी झाली की कूकामावशीही कोंडते. पूर्वी फडकी आठ-दहा दिसायची, आता दोन दिसू लागली. लोक सुया घेत, पण बसत कधी ते सांगत नसत. तिला कुणाचा रागही येईना. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं.

फिलेमोनच्या मुठीला फडकं परत कधी लागलं नाही. तरी ती रोज दुपारी त्याच्या दाराशी थांबे आणि तीनदा वाजवी. पहिल्या दिवशी आतून उत्तर आलं नाही. आतला रेडिओ मात्र एकदम मोठा झाला, कान किटतील इतका. कूका दाराबाहेर उभ्या उभ्या हसली. चला, जिवंत आहे आणि रागावलाय. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. तिच्या दिवसात तेवढीच एक सुखाची गोष्ट उरली होती. टकटक केली की रेडिओ खेकसे, आणि ती गाडी ढकलत पुढे जाई. एकदा तिने दाराबाहेर बीन्सचा बुरिटो ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा रिकामा कागद घडी करून ठेवलेला होता. त्या कागदावर ती आठवडाभर जगली.

औषध मात्र येत नव्हतं. कुंपणापलीकडच्या नर्सला ती फोन करी, नर्स फोनवर रडे, आणि मग कूकालाच तिची समजूत घालावी लागे.

ऑगस्टच्या एका मंगळवारी तिने टकटक केली. आत रेडिओ चालू होता, अकॉर्डियन वाजत होतं. तिने पुन्हा वाजवलं. आवाज वाढला नाही. कमीही झाला नाही. गाणं संपलं, कूलरची जाहिरात लागली, तीही संपली.

"फिलेमोन, शिवी दे रे," ती म्हणाली. "मोठा कर रेडिओ. हवं तर थुंक माझ्या तोंडावर."

दिलेला शब्द तिच्या पायात अडकला होता. दोन-चार मिनिटं तशीच उभी राहिली असेल. मग तिने दाराला खांदा लावला, आन्सेल्मोच्या वेळी शेजाऱ्यांनी लावला होता तसा, सगळा जोर काढून. दार फटकन उघडलं आणि ती आत जाऊन पडलीच.

तो सकाळीच गेला होता. अंग ताठरलं होतं. बाबागाडीत उतारा असता तरी त्याचा आता उपयोग नव्हता, आणि तो नव्हताही. तिने रेडिओ बंद केला.

आवाजाने एल्विरा टोपली टाकून धावत आली. फिलेमोनला पाहून तिने छातीवर क्रूस काढला, मग दाराकडे बघितलं.

"एवढी कडी एकटीने तोडलीस?"

"लावलीच नव्हती त्याने," कूका जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली. "इतके दिवस उघडंच होतं गं. मीच शिकवलं होतं ना त्याला."