बूट घालून लिहिलेला अर्ज

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका ताठ इंग्रजी अर्ज उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुणी लिहिला नसेल. नाशिक रोडला एका सरकारी ऑफिसात ते कारकून होते. सत्तरच्या दशकात आमच्याकडे प्रत्येक अर्ज 'आय बेग टू स्टेट'नेच सुरू व्हायचा, आणि या शब्दांशी त्यांचं हाडवैर. "बेग म्हणजे भीक. नळ मागतोय आपण, भाकरी नाही," असं म्हणत ते 'बेग'वर काट मारायचे आणि वर 'विश' लिहायचे. बरं, हे काम लेंग्यावर होत नसे. कॉलनीतलं कुणी अर्ज घेऊन आलं, दारात जयभीम झाला, की ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालत, पॉलिश केलेले बूट चढवत आणि मगच पेनाचं टोपण काढत. "अर्ज साहेबापुढे जातो म्हणजे आपणच जातो. अनवाणी जायचं का?" भर मे महिन्यातही मोजे सुटले नाहीत. मी थक्क होऊन बघत राहायचो आणि आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घ्यायचो.

अशा अर्जांपायीच त्यांची बढती रखडली, असं ऑफिसात उघड बोललं जाई. त्यामुळे ताईच्या बदलीचा प्रश्न आला तेव्हा घरात सगळ्यांनाच धास्ती. ताई पेठच्या हायस्कुलात शिक्षिका, तान्हं बाळ नाशिक रोडला आजीजवळ. शनिवारी ती एसटीने आली, की बाळ तिला परकी समजून रडायचं. तिने अर्ज लिहिला, रीतसर 'बेग' घालून, आणि सासऱ्यांपुढे ठेवला.

ते बूट घालून तयारच बसले होते. कागद त्यांनी दोनदा वाचला. मग वाकून त्यांनी नाड्या सोडल्या आणि बूट काढून बाजूला ठेवले.

"असू दे तसंच, पोरी. लेकरापुढं माझा हट्ट कसला?"

त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

सासऱ्यांना ताई मामा म्हणायची. तिने बूट उचलून त्यांच्या पायांशी आणून ठेवले. "घाला, मामा. लेकरासाठीच मागतेय, तर भीक नको. मारा काट."

बदली झाली, पण तोवर बाळ चालायला लागलं होतं. त्याची पहिली पावलं ताईला दिसली नाहीत, आणि ते तिला लागलं नाही असं मी म्हणणार नाही. पण काट मारल्याचा पश्चात्ताप तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.

मामा आता नाहीत. अर्ज लिहायची वेळ आली, की मी अजूनही आधी बूट घालतो. बायको विचारते, "कुठे निघालात?"

मी म्हणतो, "साहेबाकडे."