इमानाचं रान

रशीदचाचांनी त्या दिवशी मला खोटं पडू दिलं नाही, हे आधी सांगते. आता घरापासून लांब, कारखान्यात ॲल्युमिनियम कापताना करपट वास सुटला की मी मनानं तिसगावच्या माळावर जाते.

दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या विमानाची जागा शोधत एक साहेब आले होते. सोबत वैमानिकाची म्हातारी पुतणी होती. मी म्हणाले, "आमच्या रानाला इमानाचं रान म्हणत्यात. इमान हितंच पडलं." साहेबांनी वहीत लिहिलं, 'इनामी जमीन'.

"इनाम न्हाई साहेब, इमान. उडतं ते."

"शाळा किती झालीय बाई?"

"सातवी."

ते हसून गाडीकडे वळले.

तेवढ्यात शेजारचे कल्हईवाले रशीदचाचा कोंबड्यांच्या भांड्यातलं पाणी ओतून ते पत्र्याचं भांडंच घेऊन आले. "सातवीवालीचं नका ऐकू, ह्याचं ऐका. ह्याच रानातला पत्रा हाय. इमानाचं ॲल्युमिनियम; लई झटलो, कल्हई धरत न्हाई."

बुडाशी ठोकलेला आकडा पुतणीने आपल्या कागदावरच्या विमानाच्या नंबराशी ताडला. तो जुळला, तशी ती बांधावरच बसली.

साहेबांनी गुपचूप शब्द खोडला. माझ्याकडे न बघता वर 'विमान' लिहिलं. त्यांच्या हसण्याची तेव्हा मला लाज वाटली होती. आज नुसता संताप येतो.

भांडं पुतणी घेऊन गेली. चाचा, तुमच्या कोंबड्यांसाठी माझ्या हातानं कापलेलं नवं भांडं मी एक दिवस घेऊन येईन.