पाठमोरा दुसरा खंड

आधीच सांगून टाकते: पुस्तक अख्खं निघालं. पान न् पान शाबूत. आता बाकीचं निवांत सांगता येईल, आणि चिडायचं तिथे चिडताही येईल.

मी मुळशीतल्या भुकूमची. टेकडी फोडून इमारती उभ्या करणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहिते, वाटते, शिव्या खाते. आणि जुनी लॅटिन-ग्रीक पुस्तकं जमवते. ही दोन्ही कामं एकाच मुलीने करावीत, याचा पुष्कळांना त्रास होतो. "मुळशीच्या पोरीला लॅटिन कशाला?" अहो, बंगल्यातल्या कपाटाला कशाला लागतं, हे विचारलंत कधी?

पत्रकं छापायला मी पुण्यात जायचे. छापखान्याशेजारी रद्दीचं दुकान. तिथे शाळेच्या गाइडांच्या ढिगात मला पहिला खंड सापडला. तळहातावर मावेल एवढा, कातडी बांधणीचा, रोमच्या इतिहासाचा, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी हॉलंडात छापलेला. कागद चिंध्यांचा, अजून कापडासारखा मऊ. माझी पत्रकं एका पावसाळ्यात पिवळी पडतात. पानांच्या कडांवर लाल रंगाचे बारीक शिंतोडे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो वाचायचे, दिवसाला चार ओळी, त्यातल्या दोन चुकीच्या. मुळशीच्या ओलीत बुरशी लागू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत वेखंड घालून ठेवायचे. पण खंड संपतो तिथे सैन्य नदीकाठी येऊन थांबलेलं. पुढचं दुसऱ्या खंडात. आणि दुसरा खंड कुठेच नाही. फुटलेली जोडी म्हणजे काय असतं ते जमवणाऱ्यालाच कळतं.

माझी काकू टेकडीजवळच्या एका स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये झाडलोट करते. माझी पत्रकं नेमकी त्याच स्कीमविरुद्ध. घरात मात्र आम्ही एकाच चुलीवरचं खातो. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुझ्या त्या बुकावानी एक बुक हाय तितं. कडंला कुंकू शिंपडल्यावानी."

माझा घास हातातच राहिला. "नाव काय त्याचं?"

"नाव कसं दिसंल? समदी बुकं भिंतीकडं त्वांड करून उभी केल्यात. शाळंत शिक्षा देत्यात ना, तशी."

सजावटवाल्याला म्हणे भिंतीला जुळणारा फिका रंग हवा होता. म्हणून पुस्तकांच्या पाठी आत आणि नुसत्या कागदाच्या कडा बाहेर.

"आन् फळी लई उथळ हाय," काकू पुढे म्हणाली. "चार बोटं. मोठी बुकं सुतारानं करवतीनं कापली. भुसा मीच झाडला की."

मी ताट सारलं, पेटी उघडली आणि पहिला खंड बोटांनी मोजला. चार बोटं, वर नखभर. पण चार बोटं माझी की काकूची? काकूचा हात धरून पुन्हा मोजला, तर नीट बसला. "पिठाचा हात हाय, बाई!" ती ओरडली. मग मनात आलं, सुताराची बोटं कसली असतील?

सकाळी काकूबरोबर तिथे गेले. मॅनेजरच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली माझंच पत्रक होतं.

"या या, पत्रकवाल्या मॅडम! टू बीएचके बघणार की थ्री?"

"पुस्तक बघायचंय. फळीवरचं."

तो हसला. "लोक किचन बघतात, बाल्कनी बघतात. पुस्तक बघायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

त्या बाल्कनीतून कापलेली टेकडी दिसते, तांबडी, सोललेली. तिकडे पाठ करून मी फळीवरचं पहिलं पुस्तक ओढलं. ग्रीक होतं. पाठीचा कणाच उडवलेला, मागून गोंद फासलेला, प्रत्येक ओळ अर्ध्यात तुटलेली.

"हे कोणी केलं?"

"सुतारानं."

"त्याला कोणी सांगितलं?"

"मॅडम, फळी ऑलरेडी बनली होती!"

म्हणजे आधी फळी, मग तिच्या मापाचं पुस्तक. आधी नकाशा, मग त्याच्या मापाची टेकडी. यांची सगळी अक्कल त्या एका वाक्यात होती.

लाल शिंतोड्यांचं पुस्तक कोपऱ्यात होतं. माझा हात पुढे होईना. दारातून काकू म्हणाली, "काढ की गं! चावतंय व्हय?"

काढलं. पाठ होती. तीच कातडी, तीच बांधणी. दुसरा खंड. फळीतून तो नखभर पुढे आला होता आणि तेवढ्यासाठी सुताराने करवत उचलली नव्हती. त्या अनोळखी माणसाच्या आळसाचं कल्याण होवो. मी खालीच बसले.

"घेऊन जा," मॅनेजर म्हणाला. "फक्त पुढचं पत्रक थांबवा."

"नाही."

"बरं, मग एक फोटो. आमच्यातर्फे भेट म्हणून."

"नाही. ठेवा तुमच्याकडेच." मी उठले आणि खंड परत फळीवर ठेवला. पाठ बाहेर करून.

"असं नको, मॅच होत नाही," तो कळवळून म्हणाला.

काकू मध्ये पडली. "सायेब, तिला बुक द्या आन् त्या जागंवर दुसरा कागुद भरा. दिसतंय कुणाला?"

"तेवढाच जाड पाहिजे. पिवळट."

माझ्या पिशवीत गेल्या पावसाळ्यातल्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता. दुमडला, तर जाडीला बरोबर. रंगालाही. मॅनेजरने वरचं पत्रक मोठ्याने वाचलं: "टेकडी विकणाऱ्यांनो, पाणी कुठून आणणार?" मग माझ्याकडे बघितलं. "हे? इथे?"

"भिंतीकडं त्वांड करून ठेवा," काकू म्हणाली.

तो मान खाजवत राहिला. मग म्हणाला, "मी मारुंजीत भाड्याने राहतो, मॅडम. आमच्याकडेही टँकरच येतो." आणि गठ्ठा स्वतःच्या हाताने फळीत सारला. "ठेवा. इथे वाचतंय कोण!"

पत्रकं अजून तिथेच आहेत, त्यांच्याच भिंतीला नाक लावून. काकू रोज त्यांच्यावरची धूळ झटकते. त्यानंतरचं पत्रकही मी काढलं, पहिल्यापेक्षा तिखट.

त्या दिवशी घरी येऊन ओट्यावर बसले आणि एकेक पान उलटून पाहिलं. सगळी होती. मग शब्दकोश घेतला. पहिलं वाक्य लांबलचक, क्रियापद पार शेवटी दडवलेलं. दिवेलागणीला कुठे ते हाताला लागलं.

"झालं का तुझं सैन्य पार?" काकूने आतून विचारलं.

"झालं."

"मग ऊठ, ताटं घे."