दाराबाहेरच्या चपला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तशी मी बोलघेवडी — माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात. पण हे राहिलं.

नव्वदच्या दशकात मी सानपाड्याला एका बालवर्गात शिकवत होते. रो-हाउसचा तळमजला, मागे एक छोटं दार. शाळा सुरू झाली की पहिले पंधरा दिवस नुसता आकांत. तीस मुलं, तीस भोंगे — आणि मुख्याध्यापिकाबाईंना हवी शांतता. मग मी एक युक्ती काढली. काय डोकं आहे आपलं, असं तेव्हा वाटलं होतं मला!

चपला. हो, चपलाच. आईनं दाराबाहेर चपला काढायच्या, 'मी ऑफिसात बसते हं' म्हणायचं आणि मागच्या दारानं निघून जायचं. मूल रडलं की मी त्याला दारापर्यंत न्यायचे. या बघ आईच्या चपला. चपला बाहेर, म्हणजे आई आतच ना? घरात मुलं हेच तर बघत आलेली असतात. बहुतेक बायका त्यासाठी एखादा जुना जोड घेऊन यायच्या. माझा वर्ग सगळ्यात शांत, आणि मी मिरवत होते.

अश्विनी तेव्हा चार वर्षांची. घरचे साताऱ्याकडचे, बाप माथाडी, आई एपीएमसीत कांदा निवडायला जायची. त्या आईला मी युक्ती सांगितली, तर ती म्हणाली, "बाई, मी सांगून जाती की तिला. रडंल थोडं. पण दुपारी कळंल, आई जाती तशी येतीबी."

किती साधं, किती बरोबर होतं ते! पण मी बाई ना — मी ऐकते कशाला? सांगितलं की जास्त रडतात, इथे माझ्या पद्धतीनं चालायचं, असं सुनावलं. ती मागच्या दारानं गेली. दुपारी आली ती अनवाणी, टाचांना चिखल, बोटांत कांद्याची सालं. तिच्याकडे एकच जोड होता. मला कळलं — तरी मी काही बदललं का? नाही.

चौथ्या दिवशी अश्विनीनं त्या चपला उचलल्या, छातीशी धरल्या आणि आईला द्यायला ऑफिसचं दार ढकललं. आत टेबल, खुर्ची आणि कपाट. तिनं टेबलाखाली वाकून बघितलं. कपाटाच्या मागे बघितलं. मग असा टाहो फोडला की शेजारच्या बायका बाहेर आल्या. दुपारपर्यंत ती माझ्या हाताला लागली नाही, आणि चपलाही सोडल्या नाहीत.

आई आली. अश्विनीनं तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "आई आत होती ना?"

मुख्याध्यापिका शेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या वर्गातल्या मुलांच्या चार-पाच आया होत्या. आणि मी — कसं सांगू? — मी त्या बाईलाच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय हो, लेकराला असं फसवून जातात का?" वर अश्विनीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आई तुला न सांगता गेली गं. बाई काय करणार?" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. खरं बोललं तर पोरीला शाळेतून काढतील अशी भीती वाटली असेल. तिनं लेकीकडून चपला घेतल्या, पायात घातल्या, हात पुढे केला. अश्विनीनं तो धरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रडली नाही. "बघा, रुळली!" म्हणत मुख्याध्यापिकांनी माझी पाठ थोपटली, आणि मी थोपटून घेतली. त्याची लाज आजही वाटते.

वर्षभर ती आई रोज दुपारी फाटकाशी हात पुढे करून उभी राहायची. अश्विनी दोन्ही हातांनी वॉटरबॅगचा पट्टा धरून तिच्या मागून चालायची. मी दारातून बघायचे. 'चपला मीच काढून ठेवायला लावल्या होत्या' — एवढं एक वाक्य त्या पोरीला सांगायचं होतं. रोज दुपारी वेळ होता. मी सांगितलं नाही.